राजाचे नाव भिकू : पडद्यावरील एका गुंडाविषयीच्या ममत्वाचा विचार

रामगोपाल वर्मा यांनी दिग्दर्शित केलेला 'सत्या' हा हिंदी चित्रपट ३ जुलै १९९८ रोजी प्रदर्शित झाला. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो सत्या लोकस्मृतीत आता बराचसा पुसट झाला आहे. उरला आहे तो भिकू म्हात्रे : टोळीचा म्होरक्या, सत्याचा मित्र, आणि कथानकाच्या हिशेबाने दुय्यम पात्र. मनोज बाजपेयी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही सहायक अभिनेत्याचा. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत 'अप्रधानता' हे एक विघ्न आहे. जे गौण आहे त्यावर चित्त विसावत नाही, असा त्याचा आशय. भिकू म्हात्रे या नियमाला मोठाच अपवाद म्हटला पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा तरुणांनाही तोवर हे नाव पाठ झालेले होते.

या लेखाचा विषय तो चित्रपट नाही, त्यातील एका माणसाविषयी आपल्याला वाटणारे ममत्व हा आहे. हा माणूस खून करतो, करवतो, आणि खंडणीवर जगतो. त्याच्याविषयी माया वाटणे या घटनेचे नैतिक स्वरूप काय? तो दोष आहे, दुर्बलता आहे, की एखाद्या प्रकारचे ज्ञान आहे?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले फार जुने आहे. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या पुस्तकात कवींना नगरातून घालवून देण्याचे जे कारण दिले त्याचा गाभा हाच की, ज्या भावना प्रत्यक्षात आवरायच्या त्यांनाच काव्य खतपाणी घालते. आपल्याकडे १९६५ साली भाऊ पाध्यांचे 'वासूनाका' प्रसिद्ध झाले तेव्हा आचार्य अत्र्यांसारख्या वाचकांनी जो संताप व्यक्त केला त्याच्या मुळाशीही हीच धारणा होती. नाक्यावरच्या पोरांची भाषा आणि वासना पुस्तकात आल्या म्हणजे त्यांना प्रतिष्ठा मिळाली, असे त्या टीकाकारांना वाटत होते. दुसरे उत्तर स्वायत्ततेचे आहे : कलाकृतीतील गुंड हा गुंड नसतोच, तो रचनेतला एक घटक असतो, त्याला नीतीचे माप लावणे हाच प्रमाद. मर्ढेकरांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या पिढीला हे उत्तर अधिक सोयीचे वाटते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन टोकांचा जो विस्तृत ऊहापोह केला आहे त्याच्या प्रकाशात पाहिले तर ही दोन्ही उत्तरे आपापल्या टोकाला जाऊन बसली आहेत, हे सहज दिसते. पहिले उत्तर पडदा विसरते. दुसरे उत्तर पडद्यासमोर बसलेल्या माणसाला विसरते. तो माणूस अंधेरीला किंवा मुलुंडला राहतो, लोकलने घरी जातो, आणि चित्रपटातला माणूस सोबत नेतो. आपला प्रश्न या नेण्याचा आहे.

लोक सोबत काय नेतात हे बारकाईने पाहिले पाहिजे. ते नेतात ते एक दृश्य. भिकू समुद्रकाठच्या खडकावर उभा आहे, जवळ सत्या आहे, समोर पाणी आहे. मोठ्याने ओरडून तो विचारतो की मुंबईचा 'किंग' कोण, आणि त्याच दमात स्वतःचे नाव उच्चारून स्वतःच उत्तर देतो. दृश्य लहान आहे. कथानकाच्या दृष्टीने त्यात काहीही घडत नाही. तरीही गेली पंचवीसहून अधिक वर्षे स्नेहसंमेलनात, वाढदिवसाच्या फलकांवर, नकलाकारांच्या कार्यक्रमात, आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्र-विनोदांत हाच एक तुकडा जिवंत राहिला आहे. त्यातील शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. 'राजा' हा शब्द येथे येत नाही. मराठीत राजा म्हटले की रयत येते, रयतेबरोबर कर्तव्य येते. लालबागच्या गणपतीलाही आपण राजा म्हणतो ते त्याने नवसाला पावावे म्हणून. 'किंग' या शब्दाला रयत नाही. तो पत्त्यांतला, गल्लीतला शब्द आहे. त्याला इतरांपेक्षा वरचढ असणे पुरते, इतरांसाठी काही असण्याची गरज नाही.

आणि या किंगचे नाव भिकू आहे. हिंदी प्रेक्षकाला ते नुसते एक खडबडीत नाव वाटले असेल. मराठी कानाला त्यात आणखी काही ऐकू येते. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाचे नाव भिकू, धोंडू, दगडू, केरू असे ठेवण्याची चाल महाराष्ट्रात होती. मूल भीक मागून आणलेले आहे, दगड आहे, केर आहे, असे जाहीर करायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्यावर पडणार नाही. भिकू हे अशा प्रकारे भयातून आणि मायेतून एकाच वेळी जन्मलेले नाव आहे. मृत्यूला चकवण्यासाठी आईबापांनी मुलाला दिलेले ते सोंग आहे. ज्याला आपण नगण्य आहोत असे सांगतच जगात आणले गेले, तो खडकावर चढून आपण किंग आहोत असे ओरडतो. म्हणजे ज्या नावाने त्याला लपवले होते तेच नाव तो मृत्यूच्या नजरेसमोर धरतो. आडनाव म्हात्रे आहे. उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर, ठाणे-रायगड-मुंबईच्या आगरांत आणि गावठाणांत हे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणजे मुंबई शहर व्हायच्या आधीपासून जे येथे होते त्यांच्यातले ते आडनाव. मुलुंड-भांडुपकडची मिठागरे, अंधेरी-बोरिवलीकडची भातशेती, खाडीकाठची कोळीवाडी यांच्यावर उपनगरे उभी राहिली, आणि मूळचे रहिवासी गावठाण नावाच्या चार गल्ल्यांत उरले. त्यांच्यातले कोणी शहराच्या मालकीचा प्रश्न विचारावा, यात एक ऐतिहासिक व्यंग्य आहे.

पटकथा अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांची आहे, दिग्दर्शक तेलुगू चित्रपटसृष्टीतून आलेले, अभिनेता बिहारचा. नाव ठेवताना त्यांनी हा सगळा विचार केला असेल असे म्हणणे धाडसाचे ठरेल. बहुधा कानाला 'मुंबईचे' वाटणारे एक नाव त्यांनी निवडले. पण अर्थ लेखकाच्या हेतूत कोंडलेला नसतो, हे आपण वर्गात रोज सांगतो; येथेही ते सांगायला हरकत नाही. १९९५ साली शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी मराठी नावाचा एक माणूस मुंबईचे नाव घेऊन तिच्यावर हक्क सांगतो, आणि तो हक्क सांगतो हिंदीत. मराठी प्रेक्षकाला त्याची भाषा खटकली नाही. त्याने नाव आपले मानले आणि भाषेकडे दुर्लक्ष केले. मराठीच्या अध्यापकाला ही गोष्ट थोडी बोचते, पण ती खरी आहे.

हक्क हा शब्द येथे मुद्दाम वापरला. भिकूच्या आकर्षणाचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा एरिक हॉब्सबॉम यांच्या 'सामाजिक दरोडेखोर' या संकल्पनेच्या आधारे दिले जाते. हॉब्सबॉम यांच्या 'बॅन्डिट्स' (१९६९) या ग्रंथातील मांडणी थोडक्यात अशी की, सत्तेला जो गुन्हेगार वाटतो तो गरीब शेतकऱ्यांना न्याय देणारा वीर वाटतो, आणि लोकगीते त्याला अमर करतात. या वर्णनात चपखल बसणारी व्यक्तिरेखा मराठीत आहे, आणि योगायोग असा की ती मुंबईच्या एका उपनगरात राहणाऱ्या लेखकाने निर्माण केली. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे यांनी जे विपुल लेखन केले त्या काळातली 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी. फकिरा लुटतो ते उपाशी माणसांसाठी. त्याच्या गुन्ह्यामागे दुष्काळ आहे, ब्रिटिश सत्ता आहे, मांग समाजावर लादलेला गुन्हेगारीचा शिक्का आहे. फकिराविषयी वाटणारा आदर हा अंतिमतः न्यायाविषयीचा आदर आहे. तेथे आपल्या भावनेला नैतिक समर्थन शोधावे लागत नाही. कादंबरीनेच ते पानोपानी दिले आहे.

भिकूच्या बाबतीत असे काहीही नाही. तो कोणाला अन्न देत नाही, कोणाचा अन्याय दूर करत नाही. त्याची उदारता मित्रांपुरती आहे. चित्रपटाने त्याच्या गुन्हेगारीला गरिबीचे, बंद पडलेल्या गिरणीचे किंवा सूडाचे कारणही पुरवलेले नाही. १९८२ च्या संपाने अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरात जे घडवले त्याच्याशी मुंबईतील टोळ्यांचा संबंध जोडणारे लेखन आपल्याकडे पुष्कळ आहे. 'सत्या' त्या वाटेला जात नाही. भिकू असा का झाला, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून त्याच्याविषयीच्या ममत्वाला करुणेचे किंवा न्यायबुद्धीचे नाव देता येत नाही. ते त्यापेक्षा उघडे, असमर्थित असे ममत्व आहे. कारणे काढून घेतल्यावरही जे उरते ते काय, हा प्रश्न म्हणूनच भिकूच्या बाबतीत सर्वांत स्वच्छपणे विचारता येतो.

रॉबर्ट वॉर्शो या अमेरिकन समीक्षकाने १९४८ साली 'शोकात्म नायक म्हणून गुंड' या विषयावर जो छोटा निबंध लिहिला तो अजूनही या क्षेत्रातला सर्वांत भेदक निबंध आहे. त्याचे म्हणणे असे : पडद्यावरचा गुंड हा शहराचा माणूस आहे. समाज प्रत्येकाला यशस्वी व्हायला सांगतो, पण यश म्हणजे इतरांतून वेगळे होऊन एकटे पडणे, आणि एकटे पडणे म्हणजे मृत्यू. गुंड ही वाट आपल्यासाठी चालतो. त्याच्याबरोबर आपण हिंसेचा आनंद घेतो, आणि मग तीच हिंसा त्याच्यावर उलटलेली पाहून सुटकेचाही आनंद घेतो. तो मरतो म्हणून आपल्याला अपयशी राहण्याची मुभा मिळते. हे विवेचन १९३० च्या दशकातील अमेरिकन चित्रपटांना जसेच्या तसे लागू पडते. आपल्याकडील 'वास्तव'लाही (१९९९) ते बरेच लागू आहे. तेथे रघूचा शेवट त्याच्या आईच्या हातून होतो. शिक्षा आणि माया एकाच गोळीत येतात, आणि प्रेक्षक हिशेब चुकता करून बाहेर पडतो.

'सत्या'त हिशेब चुकता होत नाही. भिकूला मारतो तो पोलीस नव्हे, शत्रू टोळी नव्हे, आई तर नव्हेच. भाऊ ठाकूरदास झावळे हा त्याच्याच पाठबळावर वाढलेला पुढारी निवडणूक जिंकतो, विजयाची रात्र असते, सगळे मोकळेपणाने हसतबोलत असतात, आणि त्या हसण्याच्या मध्येच तो भिकूच्या डोक्यात गोळी घालतो. पूर्वसूचना नाही, संगीताने केलेली तयारी नाही, मरताना बोललेले वाक्य नाही. जो इतके बोलायचा त्याला शेवटचा शब्दही मिळत नाही. हा मृत्यू कोणत्याही अर्थाने शिक्षा नाही, कारण शिक्षा देणारा भिकूहून नीच आहे आणि तो निवडून आलेला आहे. वॉर्शोने सांगितलेली सुटका येथे प्रेक्षकाला मिळत नाही. त्याला मिळतो तो शोक. आणि ज्याच्यासाठी शोक करावा असे काहीही ज्याने केलेले नाही अशा माणसाविषयीचा तो शोक आहे.

माझ्या मते चित्रपटाची नैतिक कमाई या ठिकाणी आहे. समर्थन नसलेल्या माणसासाठी शोक करता येतो, हे आपल्याला घरगुती जीवनात ठाऊक असते. ज्यांच्या घरात असा मुलगा, असा भाऊ असतो त्यांना ते चांगलेच ठाऊक असते. त्यांची माया निर्दोषतेच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नसते. परक्या माणसाविषयी मात्र आपण आधी निकाल मागतो आणि मग माया देतो. भिकू या क्रमाला छेद देतो. त्याची बायको प्यारी त्याला घाबरत नाही. ती भांडते, त्याच्यावर हात उगारते, आणि टोळीवाल्यांना कापरे भरवणारा हा माणूस स्वयंपाकघरात हरतो. शेफाली छाया यांनी ही प्यारी अशी काही उभी केली आहे की, तिच्या नजरेने भिकूकडे पाहणे आपल्याला काही काळ शक्य होते. तिला त्याचा धंदा ठाऊक आहे. ती त्याला निर्दोष मानत नाही. तरी तो तिचा आहे. प्रेक्षकाला हाच दृष्टिकोन उसना मिळतो, आणि तो वाईट दृष्टिकोन आहे असे मला वाटत नाही.

परंतु येथेच थांबलो तर अलौकिकतावादी उत्तराकडेच आपण मागच्या दाराने परत जाऊ. उपनगरांच्या अलीकडच्या इतिहासात भिकूसारख्या माणसांनी काय केले ते नोंदवलेच पाहिजे. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात, भर वस्तीत, पोलीस आणि माया डोळसची टोळी यांच्यात गोळीबार झाला. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. दत्ता सामंत यांची हत्या झाली; ज्यांनी १९८२ चा संप लढवला आणि ज्यांच्या कार्याची सुरुवात घाटकोपरच्या दवाखान्यातून झाली ते सामंत. त्याच वर्षी १२ ऑगस्टला अंधेरीत एका मंदिराबाहेर गुलशन कुमार यांना गोळ्या घालण्यात आल्या. 'सत्या' येण्याला तेव्हा वर्षही राहिलेले नव्हते. १९९९ साली राज्याला संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा, म्हणजे 'मोक्का', करावा लागला. १९९८ च्या जुलैत उपनगरातल्या चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला ही नावे आणि ठिकाणे परकी नव्हती. त्याच्यासाठी भिकू हा कल्पित असला तरी त्याचा टेलिफोन खरा होता.

एम. ए.च्या वर्गात रसविघ्ने शिकवताना मी विद्यार्थ्यांकडून उदाहरणे मागते. 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असल्याने रसास्वाद न होणे, या विघ्नासाठी एका विद्यार्थिनीने आपल्या वडिलांचे उदाहरण दिले. नव्वदच्या दशकात त्यांचे पूर्व उपनगरात छोटे दुकान होते, दोनदा धमकीचे फोन आले, आणि तेव्हापासून ते टोळ्यांवरचा कोणताही चित्रपट पाहत नाहीत. मुलगी पाहते. तिला भिकू आवडतो, आणि तो आवडतो हे ती वडिलांसमोर बोलत नाही. वर्गातील इतरांना हे उदाहरण चमकदार वाटले. मला त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटला. वडिलांच्या आस्वादात विघ्न आहे; मुलीचा आस्वाद निर्विघ्न आहे. पण तिच्या न बोलण्यात वडिलांचे भय तिने थोडे जपून ठेवले आहे. अभिनवगुप्ताने ज्याला विघ्न म्हटले ते सगळेच दूर झाल्यावर आस्वाद अधिक शुद्ध होतो की अधिक स्वस्त, हा प्रश्न त्या दिवशी तासाची घंटा झाली म्हणून सुटला नाही.

त्याचे उत्तर शोधताना न. चिं. केळकर यांच्या 'सविकल्प समाधी'च्या कल्पनेचा मला उपयोग होतो. १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून केळकरांनी ही कल्पना मांडली. वाचक कथेतील पात्राशी एकरूप होतो, पण ही समाधी पूर्ण लोपाची नसते. आपण आपणच आहोत याचे भान सोबत असते, आणि आनंद या दुहेरीपणातून येतो. या कल्पनेवर पुढे पुष्कळ टीका झाली. रसचर्चेच्या इतिहासात तिला आता एका टप्प्याचेच स्थान आहे. तथापि तिच्यातील 'सविकल्प' हे विशेषण मला नैतिक दृष्ट्या मोलाचे वाटते. भिकूबरोबर खडकावर उभे राहणे ही समाधी. आपण भिकू नाही, आपण त्याने ज्यांना फोन केला असता त्यांच्यापैकी आहोत, हा विकल्प. चित्रपटगृहात अडीच-तीन तास हा विकल्प चित्रपटच जागा ठेवतो. सत्याच्या शेजारी राहणारी विद्या गायिका होऊ पाहते; तिला संधी मिळते ती संगीतकाराला धाक दाखवला गेल्यामुळे, आणि तिला स्वतःला याचा पत्ता नसतो. तिचे गाणे गोड आहे, ते पिस्तुलाच्या जोरावर मिळालेले आहे, आणि आपण दोन्ही जाणून ते ऐकतो. विकल्पाचे याहून नेटके उदाहरण शोधून सापडणार नाही. पोलीस आयुक्ताचा टोळीकडून खून होतो, त्याआधी आणि त्यानंतर पोलीस टोळीतल्या माणसांना टिपतात, आणि ज्या प्रेक्षागृहात भिकूला टाळ्या पडतात तेथेच या चकमकींनाही पडतात. दोन्ही बाजूंच्या मारणाऱ्यांना दाद देणाऱ्या प्रेक्षकाला शेवटी कोणाची बाजू घ्यावी ते कळेनासे होते. हे न कळणे हा चित्रपटाचा दोष नाही.

दोष शिरतो तो पुढे, तुकडा सुटा झाल्यावर. खडकावरचे दृश्य स्वतंत्रपणे फिरू लागले की त्यातला विकल्प गळून जातो. खडकावरून ओरडणारा माणूस हसताहसता डोक्यात गोळी बसून मरणार आहे, हे त्या तुकड्यात नाही. प्यारी नाही, विद्या नाही, दुकानदार तर मूळ चित्रपटातही कडेलाच आहेत. दृश्याचे व्याकरणही बदलते. चित्रपटात भिकू प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर देणारे कोणी नसते. सत्या बोलत नाही, समुद्र बोलत नाही. त्याला स्वतःचे नाव स्वतःच घ्यावे लागते. त्या गर्जनेत एकाकीपणा आहे तो यामुळे. ज्याला खात्री असते तो असे ओरडून विचारत नाही. स्नेहसंमेलनात किंवा मिरवणुकीत तोच प्रश्न एकजण विचारतो आणि उत्तर समुदाय देतो. म्हणजे आत्मगताचे रूपांतर घोषणेत होते. मोर्चात एकाने अर्धी ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती पुरी करायची, ही आपल्या शहराची जुनी रीत आहे. गिरणगावाने ती हक्कासाठी वापरली. तीच रीत येथे वापरली जाते, पण मागण्यासारखे काही उरलेले नसते. घर, पाणी, बोनस, पगारवाढ यांच्या जागी नुसते एक नाव येते. आणि हल्ली त्या नावाच्या जागी स्थानिक पुढाऱ्याचे नाव घालण्याचीही पद्धत आहे. भिकूला गोळी घालणारा झावळे पुढारी होता, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात असते?

या ठिकाणी जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाची आठवण होते. संपानंतरच्या गिरणगावातील एका कामगार कुटुंबाचे हे नाटक 'सत्या'च्या एक वर्ष आधीचे. त्यातला नरू हा मुलगा गुंडगिरीकडे वळलेला आहे. तो रंगतदार आहे, विनोदी आहे, धोकादायक आहे. संजय नार्वेकर यांनी तो ज्या ताकदीने केला त्याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. पण नरू कोणाच्या सदऱ्यावर छापला गेला नाही. मराठी नाटकाचा प्रेक्षक हिंदी चित्रपटाच्या मानाने थोडा, हे एक कारण उघड आहे. मला दुसरे कारण अधिक पटते. 'अधांतर' चाळीतल्या एका खोलीतून बाहेर पडत नाही. नरू काहीही बोलला तरी ते आई ऐकते, भाऊ ऐकतात, बहीण ऐकते. त्याच्या प्रत्येक बढाईला त्याच खोलीत लगेच कोणीतरी उत्तर देते. तेथे बढाई सुटी होऊ शकत नाही, कारण तिच्याभोवती भिंती आहेत आणि भिंतींच्या आत ज्यांना ती महाग पडणार आहे ती माणसे आहेत. भिकूला खडक मिळाला, समुद्र मिळाला, आकाश मिळाले. कॅमेऱ्याने त्याला घराबाहेर काढले आणि त्याचे वाक्य मोकळे झाले.

भिकूवर प्रेम करू नये असे मला म्हणायचे नाही. ज्या चित्रपटात तो मरतो त्या चित्रपटात त्याच्यावर प्रेम करणे मला योग्य वाटते. ते प्रेम मनाला रुंद करते. तुकड्यातल्या भिकूवर केलेले प्रेम हे मुळात त्याच्यावरचे प्रेमच नाही. ते स्वतःच्या नावावरचे प्रेम आहे, आणि भिकू हा त्याचा उसना आवाज आहे. यातही एक करुण भाग आहे, तो नाकारता येत नाही. बेटावरच्या शहरातून उठून अंधेरी, बोरिवली, मुलुंडला आलेली, आणि आता तेथूनही वसई-बदलापूरकडे सरकणारी मराठी कुटुंबे या शहरावर कोणत्या शब्दांत हक्क सांगणार? भाडेपावती, शिधापत्रिका, सातबारा ही हक्काची भाषा त्यांच्या हातून निसटत गेली. घोषणा उरली. ती त्यांना एका कल्पित माणसाकडून घ्यावी लागली, आणि तीही हिंदीत. या रिकाम्या जागेचा विचार केला की, खडकावरच्या त्या दृश्याला हसणाऱ्यांना नुसते भोळे किंवा बिघडलेले म्हणून सोडून देणे मला जमत नाही.

'सत्या'च्या अखेरीस चौपाटीवर गणपतीविसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊ झावळेला ठार मारतो. मित्राचा सूड पुरा होतो आणि थोड्याच वेळात सत्याही विद्येच्या दारात संपतो. या शेवटातील गर्दी मला नेहमी अस्वस्थ करते. हजारो माणसे आपल्या देवाला निरोप देण्यात गुंतलेली आहेत, त्यांच्यात एक खून होतो, आणि मिरवणूक त्या खुनाची नाही. भिकूचे नाव त्या गर्दीत कोणी घेत नाही. त्याला त्या वेळी ओळखणारी माणसे उरली आहेत ती मोजकीच, आणि त्यांत प्यारी आहे.